तेवीस दिवस

शाळेत तिला सगळे 'क्वार्टर' म्हणत. हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं, पण ठेवणाऱ्याचं डोकं तल्लख असणार. वसतिगृहात राहणारी मुलं म्हणजे पूर्ण, सकाळी बसने येऊन संध्याकाळी परत जाणारी म्हणजे अर्धी. आणि ही गणिताच्या सरांची मुलगी राहायला शाळेच्या आवारातच, पण वसतिगृहात नाही, मागच्या बाजूला शिक्षकांच्या क्वार्टर्समध्ये. म्हणजे पाव. शेवटची घंटा झाली की अर्धे बसकडे पळत, पूर्ण जेवणघराकडे पळत, आणि ही एकटी दप्तर सावरत टेनिस कोर्टाच्या जाळीला वळसा घालून घरी जाई. बसमधल्या गमती तिला माहीत नसत आणि वसतिगृहातल्या भानगडी दुसऱ्या दिवशी शिळ्या होऊन कानावर येत. धड ना इकडची, धड ना तिकडची.

शिवाय वडील शिक्षक. ती आली की मुलं बोलता बोलता थांबत. कोणी सरांची नक्कल करत असेल तर हात खाली घेई. तिने कधी कोणाची चहाडी केली नव्हती, पण भिंतीला कान असतात म्हणतात ना, तसं तिच्याकडे बघितलं जाई.

आठवीत मासोळी आली आणि हे सगळं बदललं.

मासोळी वसतिगृहातली. वडील जहाजावर इंजिनियर, वर्षातले दहा महिने पाण्यावर. आई लहानपणीच गेलेली. सुट्टीत ती मावशीकडे राही आणि सुट्टी संपायच्या आठवडाभर आधीच तिची ट्रंक भरून तयार असे. पोहण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, ना मुलींत ना मुलांत. म्हणून मासोळी. पहिल्याच दिवशी ती क्वार्टरच्या बाकावर येऊन बसली आणि म्हणाली, "तू सरांची मुलगी ना? मग भूमिती तू शिकव. मी तुला पाण्यात डोकं घालायला शिकवते."

भूमिती तिला आली. क्वार्टरला पोहणं काही फारसं आलं नाही. तलावाची कड धरून पाय मारण्यापुरतंच. पण मासोळी तिला वसतिगृहाच्या मागच्या जिन्यावर घेऊन बसे, वॉर्डनबाईंचे आवाज काढून दाखवी, मधल्या सुट्टीत सफरचंद अर्धं तोडून देई. तीन वर्षांत कोणी क्वार्टरला एकटी पाहिलं नाही. जन्मात पहिल्यांदा आपण कोणासाठी तरी पूर्ण आहोत असं तिला वाटलं होतं.

अकरावीच्या वर्षी, रसायनशास्त्राच्या तासाला ती गोष्ट घडली. दोघींचा एकच गट होता. मासोळी ब्युरेटची चावी धरून थेंब थेंब सोडत होती, क्वार्टर खालचा फ्लास्क हलवत होती. द्रावण फिक्कं गुलाबी झालं की चावी बंद करायची, एवढंच काम. फिक्कं गुलाबी आलं. क्वार्टर म्हणाली, "बस." चावी बंद होईना. गुलाबीचा राणी रंग झाला, तरी थेंब पडतच होते.

"अगं, बस म्हणाले ना!"

तिने वर पाहिलं. मासोळीचे डोळे उघडे होते, हात चावीवर होता, पण ती तिथे नव्हती. ओठ किंचित हलत होते, काहीतरी चघळत असल्यासारखे. दहा सेकंद गेले असतील, फार तर पंधरा. मग तिने पापण्या मिटल्या, उघडल्या आणि फ्लास्ककडे बघून म्हणाली, "अय्या, हे कोणी केलं?"

तास संपल्यावर हात धुण्याच्या बेसिनपाशी क्वार्टरने तिला गाठलं. आधी मासोळीने हसण्यावारी नेलं. मग नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाच्या आडून म्हणाली, "उन्हाळ्यापासून होतंय. मला कळतही नाही. मधला एक तुकडा कोणीतरी कापून नेल्यासारखा वाटतो, बस."

"शाळेच्या दवाखान्यातल्या सिस्टरना सांग ना मग."

"वेडी आहेस का? सिस्टर घरी कळवणार. मावशी येऊन घेऊन जाणार. त्या घरात मला पाणी प्यायलासुद्धा विचारावं लागतं गं. आणि पुढच्या महिन्यात निवड आहे."

निवड म्हणजे परदेशच्या शाळेची. दरवर्षी अकरावीतला एक विद्यार्थी वर्षभरासाठी तिकडच्या शाळेत जाई. अभ्यास, खेळ, मुलाखत, सगळ्यांचे गुण मिळून एकच नाव लागे. मासोळी त्यात होती, क्वार्टर होती आणि बास्केटबॉल खेळणारा, वर्गात सगळ्यांच्या डोक्यावरून फळा दिसणारा लंबू होता. दोघी मैत्रिणींनी आधीच ठरवलं होतं, जी जाईल तिने दर आठवड्याला पत्र लिहायचं, आणि जी राहील तिने रडायचं नाही.

"कोणाला सांगायचं नाही," मासोळी म्हणाली. "तुझ्यावाचून कोणाला ठाऊक नाही."

क्वार्टरने कबूल केलं. आणि पाच दिवस तोंडाला कुलूप लावलं.

शनिवारी सकाळी तलावावर सराव होता. सहा जणी उडी मारायच्या ठोकळ्यावर उभ्या. शिट्टी झाली. पाच जणी पाण्यात गेल्या. मासोळी वाकलेल्या अवस्थेत तशीच राहिली, नारिंगी टोपीखाली डोळे सताड उघडे. मुली हसल्या. प्रशिक्षक ओरडले, "झोपलीस काय?" मग ती भानावर आली, सूर मारला, आणि तरीही दुसरी आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काठावर बसलेल्या क्वार्टरने मात्र वाजवल्या नाहीत. हे ठोकळ्यावर झालं. पाण्यात झालं असतं तर?

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, आई स्वयंपाकघराच्या टेबलाशी मटार सोलत होती आणि बाबा खिडकीपाशी वह्या तपासत होते. शाळेत गणिताचे सर म्हणून त्यांचा दरारा होता. उत्तर बरोबर आलं तरी 'पडताळून पाहिलंस का?' विचारल्याशिवाय ते गुण देत नसत. पण घरी ते शांत, कमी बोलणारे, लेकीच्या बुटांना स्वतः पॉलिश करणारे बाबा होते. क्वार्टर त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली.

"बाबा, एक सांगायचंय. पण सरांना नाही. तुम्हाला."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "बोल."

तिने सगळं सांगितलं. ब्युरेट, बेसिन, ठोकळा. बाबा पेन हातात फिरवत ऐकत होते. आईचे हात मात्र मटारच्या शेंगेवर थांबले होते.

"बरं केलंस सांगितलंस," बाबा शेवटी म्हणाले. "हे माझ्यापाशीच राहील. माझा एक डॉक्टर मित्र आहे, त्याला विचारतो. नाव न घेता. तोवर तू कोणाजवळ बोलू नकोस."

"आणि तिचं पोहणं?"

"तू असतेसच की तिच्याबरोबर. लक्ष ठेव. मी बघतो काय करायचं ते."

मी बघतो. हे दोन शब्द ऐकले आणि क्वार्टरच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्या दुपारी ती दोन तास गाढ झोपली.

त्यानंतर ती रोज सकाळी तलावावर जाऊ लागली. वही मांडीवर, नजर नारिंगी टोपीवर. टोपी दोन श्वासांहून जास्त वेळ पाण्याखाली राहिली की ही अर्धी उठे. स्वतःला धड पोहता येत नाही, वेळ आली तर आपण करणार काय, हा विचार मनात आला की ती कडेला ठेवलेल्या लांब बांबूच्या जवळ सरकून बसे. मासोळी चिडवी, "तुला काय माझ्या प्रेमाचं भरतं आलंय? रोज हजर!" क्वार्टर म्हणे, "इथे अभ्यास चांगला होतो." तलावाच्या काठावर, शिट्ट्यांच्या गोंगाटात!

आठवड्याभराने तिने बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मित्राशी बोललोय. नाजूक प्रकरण आहे, घाई नको." आणखी आठवड्याने विचारलं. "बघतोय ना मी," ते म्हणाले, आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. तिने मनाची समजूत घातली. बाबा म्हणतायत म्हणजे बघत असणार. ज्याच्या शब्दावर अख्खी शाळा चालते, त्याच्यावर आपण शंका घ्यायची?

बुधवारी निवड होती. मंगळवारी तिसऱ्या तासाला शिपाई चिठ्ठी घेऊन वर्गात आला आणि मासोळीला मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलंय म्हणाला. ती गेली ती परत आली नाही. दुपारी कळलं, तिला सिस्टरच्या खोलीत ठेवलंय. संध्याकाळी कळलं, मोठ्या दवाखान्यात नेऊन आणलं. बुधवारी सकाळी पहिल्या तासाआधी कचेरीसमोर एक गाडी उभी होती, आणि मासोळीची मावशी घड्याळात बघत बघत सह्या करत होती.

क्वार्टर धावत गेली. मासोळी ट्रंकेवर बसली होती. रडून झाल्यावर चेहरा कोरडा पडतो, तसा तिचा चेहरा होता.

"तू सांगितलंस," ती म्हणाली.

"मी घाबरले होते गं. तू पाण्यात..."

"घाबरली होतीस तर महिनाभर का गप्प बसलीस? परवा संध्याकाळीच बरी भीती वाटली तुला. निवडीला दोन दिवस असताना."

"परवा?" क्वार्टरला काही कळेना. "परवा कोण म्हणालं?"

"बाई म्हणाल्या. तू परवा घरी सांगितलंस, आणि तुझ्या बाबांनी काल सकाळी लगेच येऊन कळवलं. कर्तव्यदक्ष आहेत म्हणे." मासोळी उठली. "तुला जायचंच होतं तर मला सांगायचंस. मी मुलाखतीत मुद्दाम चुका केल्या असत्या. तुझ्यासाठी केल्या असत्या मी."

क्वार्टरच्या ओठांवर आलं होतं, 'परवा नाही, तीन आठवड्यांपूर्वी.' पण ते बोलायचं तर पुढचंही बोलावं लागलं असतं, आणि पुढचं काय ते अजून तिचं तिलाच उमगत नव्हतं. मावशी म्हणाली, "चला, उशीर होतोय." ड्रायव्हरने ट्रंक डिकीत टाकली. गाडी गेली.

ती तशीच सिस्टरच्या खोलीत गेली. सिस्टर पलंगावरची चादर बदलत होत्या. भल्या बाई, ताप आलेल्या मुलांना गोष्टी सांगत. तिला पाहून म्हणाल्या, "ये गं. वाईट वाटून घेऊ नकोस. तू सांगितलंस म्हणून पोरगी वाचली. अपस्माराचा प्रकार आहे, गोळ्यांनी आटोक्यात येईल म्हणालेत डॉक्टर. फक्त सहा महिने झटका आला नाही पाहिजे, मग शाळेत परत येता येईल. पण मला सांग, आधी कसं कळलं नाही तुला? रोज पोहत होती गं ती! माझ्या तर अंगावर काटा आला."

"सिस्टर, बाबांनी काय सांगितलं तुम्हाला?"

"सांगितलं नाही, लिहून दिलंय. नियमच आहे तसा." त्यांनी टेबलावरची नोंदवही उघडून तिच्याकडे फिरवली.

ते अक्षर तिने डोळे मिटूनही ओळखलं असतं. सरळ, ठळक, एकावर एक नीट रचलेलं. 'काल सायंकाळी कन्येकडून प्रथमच समजले. विद्यार्थिनीच्या सुरक्षिततेचा विचार करून तातडीने कळवीत आहे.'

प्रथमच. तातडीने. ती ओळ तिने तीनदा वाचली. सिस्टर काहीतरी बोलत होत्या, ते तिच्या कानापर्यंत पोचत नव्हतं. तिने बोटांवर दिवस मोजले. त्या रविवारपासून कालच्या मंगळवारपर्यंत तेवीस.

दुपारी फलकावर निवडीचं नाव लागलं. तिचं होतं. वर्ग टाळ्या वाजवायला विसरला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबांनी दार उघडलं. ते हसत होते. असे हसताना ती त्यांना क्वचितच बघे. आईने केक केला होता. क्वार्टर चपलाही न काढता उभी राहिली.

"बाबा, मी तुम्हाला कधी सांगितलं?"

हसू एकदम गेलं नाही, हळूहळू मावळलं. "काय कधी सांगितलंस?"

"मी सिस्टरची वही वाचलीय."

आईने केकवर फडकं टाकलं. बाबा खुर्चीत बसले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे बघ, तारखेला एवढं महत्त्व नसतं. तिला आजार आहे की नाही? आहे. ती पोहत होती, ते धोक्याचं होतं की नाही? होतं. मग मी खोटं काय सांगितलं?"

"धोक्याचं होतं तर तेवीस दिवस तुम्ही काय केलंत?"

"मित्राला विचारत होतो."

"काय म्हणाले ते?"

बाबा केकवरच्या फडक्याकडे बघू लागले.

"विचारलंच नाहीत ना?"

"सुरुवातीला माझ्या मनात काही नव्हतं," ते म्हणाले, आणि आवाज खाली आला. "तुझी शपथ. मुलीचं गुपित आहे, राहू दे, असंच वाटलं होतं. मग सोमवारी स्टाफरूममध्ये गुणांचा तक्ता आला. ती पहिली, तू दुसरी. चार गुणांनी. चार! मी सतरा वर्षं लोकांच्या पोरांना पुढे पाठवतोय. दर वर्षी स्टेशनवर जाऊन हात हलवतो. एकदा माझी मुलगी जावी असं वाटलं तर काय बिघडलं? ती नाहीतरी जाऊ शकली नसतीच. वैद्यकीय तपासणीत कळलंच असतं."

"मग तपासणीपर्यंत थांबायचं होतंत. नाहीतर त्याच रविवारी सांगायचं होतंत. ती बुडाली असती तर, बाबा? मी तिथे बांबू धरून बसत होते. मला पोहता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

बाबा खुर्चीतून उठले. "आवाज खाली! कोणासाठी केलं हे सगळं? माझ्यासाठी?"

"आणि वर माझं नाव लिहिलंत. काल सांगितलं म्हणून. सगळ्यांना वाटतंय, मी तिला पाडायला सांगितलं. तिलाही वाटतंय."

"मी आधीपासून माहीत होतं असं लिहिलं असतं तर नोकरीवरून काढलं असतं मला. घर गेलं असतं हे. तुला काय, चार दिवस मुलं बोलतील, विसरतील. वर्षभर तू इथे असणारही नाहीस."

म्हणजे हेही त्यांनी मोजलं होतं. क्वार्टर आईकडे वळली. आई त्या रविवारी याच टेबलाशी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आई, तू बोल ना."

आईने फडक्याचा कोपरा सरळ केला. "बाळा, झालं ते झालं. ती पोरगी सुखरूप आहे ना? मग ताणू नकोस. घरातलं घरात राहू दे."

केसाने गळा कापणं म्हणतात ते याला. आणि कापणारे हात आपल्या बुटांना पॉलिश करणारे असले, तर ओरडायचं तरी कोणाच्या नावाने? त्या संध्याकाळी ती जेवली नाही. केक तसाच राहिला.

पुढचे चार दिवस शाळेने तिला धडा शिकवला. जेवणघरात दुपारी ती ज्या टेबलावर बसे ते टेबल पुढच्या मिनिटाला रिकामं होई. कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. फक्त इतिहासाच्या तासाआधी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे, 'आज घरी काय सांगणार?' इतिहासाच्या बाई न विचारता पुसून टाकत. एकट्या लंबूने एकदा जिन्यात तिला थांबवून विचारलं, "खरंच तू केलंस?" ती म्हणाली, "सांगितलं मीच." पुढचं तिला बोलवेना. तो मान हलवून निघून गेला.

बाबा म्हणाले होते, विसरतील. कदाचित विसरलेही असते. पण तिला स्वतःला विसरता येईना. रोज सकाळी बाबा फळ्यापाशी उभे राहून एकेक पायरी मांडत, 'हे कुठून आलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही' म्हणत, आणि ती मान खाली घालून वहीत बघे.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत गेली. बाई करड्या होत्या, पण कोणाचं न ऐकता निकाल देणाऱ्या नव्हत्या.

"मला परदेशी जायचं नाही, बाई. माझं नाव काढा."

"मैत्रिणीचं वाईट वाटतंय. कळतं मला. पण असा तडकाफडकी..."

"तेवढंच नाही. मी बाबांना आदल्या दिवशी नाही सांगितलं. तेवीस दिवस आधी सांगितलं होतं. रविवार होता तो."

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. उठून खिडकी लावून घेतली. परत येऊन बसल्या.

"तू काय बोलतेयस ते कळतंय ना तुला? नव्या वर्षापासून ते उपमुख्याध्यापक व्हायचे आहेत."

"हो."

"त्यांना माहीत आहे तू इथे आलीस ते?"

"नाही."

"तू हे सांगितलं नसतंस तर मला फार सोपं गेलं असतं," बाई म्हणाल्या. "पण आता ऐकलंय, तर न ऐकल्यासारखं करता येणार नाही. लिहून देशील?"

तिने तिथेच बसून लिहिलं. सहा ओळी. एक ओळ वाकडी गेली. खाली सही केली, तारीख घातली.

बाबांची नोकरी गेली नाही. चौकशी झाली, त्यांनी सगळं कबूल केलं, लेखी माफी मागितली. उपमुख्याध्यापकपद हातचं गेलं, त्यांच्याकडे असलेली मुलांच्या वसतिगृहाची जबाबदारी काढून घेतली, शिकवणं तेवढं राहिलं. परदेशी लंबू गेला. जाण्याआधी तो तिच्याकडे आला, काय बोलावं ते न सुचून म्हणाला, "मी फक्त तिसरा होतो गं," आणि तिला त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

घरात मात्र बोलणं आटलं. एकदा ताट वाढून घेताना बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "घरातली गोष्ट बाहेर नेलीस."

"मीही घरातच सांगितली होती, बाबा," ती म्हणाली. "तुम्हीच नेलीत बाहेर."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. आईने काढला. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "मी त्या रविवारीच सिस्टरकडे जायला हवं होतं. पायात चपला घातल्यासुद्धा होत्या. मग म्हटलं, हे बघतायत ना." क्वार्टरने तिच्या हातातली चादर घेतली आणि दुसरं टोक धरलं. क्षमा वगैरे काही झाली नाही. चादरीची घडी झाली.

त्या महिनाअखेरीस तिने वसतिगृहात जागा मागितली. दोनशे पावलांवर घर असताना ही इथे कशाला, असा प्रश्न वॉर्डनबाईंच्या चेहऱ्यावर होता, पण त्यांनी तो विचारला नाही. त्यांनी मासोळीचा पलंग दाखवला, खिडकीजवळचा. ती नको म्हणाली. दाराशेजारचा, वरचा, सगळ्यांच्या येण्याजाण्याचा आवाज होणारा पलंग तिने घेतला. खोलीतल्या मुली पहिले दोन आठवडे तिच्याशी 'दिवा घालव' आणि 'सरक' एवढंच बोलल्या. खरी हकीकत तोवर शाळाभर झाली होती. पण खरं कळलं म्हणून लगेच कोणी गळ्यात पडत नाही. उलट काहींना वाटे, जी सख्ख्या बापाचं नाव सांगते ती आपलं काय ठेवणार?

मासोळीला तिने तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. चौथं न लिहिता, एका रविवारी दुपारी तिने वसतिगृहाच्या फोनवरून मावशीच्या घरी फोन लावला. मावशीने उचलला, "दोन मिनिटंच," म्हणून बजावलं आणि हाक मारली.

"हॅलो," मासोळी म्हणाली. आवाज तोच, थोडा जड.

क्वार्टरने पाठ केलेलं सगळं भराभर बोलून टाकलं. रविवार, तेवीस दिवस, नोंदवही, बाई, सहा ओळी, लंबू. बोलताना तिला धाप लागली. मग ती थांबली आणि वाट बघू लागली.

"पत्रं वाचली मी," मासोळी म्हणाली. "मला कळलंय ते."

"मग?"

"मग काय? तुझ्या बाबांनी तुला फसवलं. वाईट केलं. पण तुझे बाबा माझे कोण लागतात गं? मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. मी तुला सांगितलं होतं."

फोनची वायर क्वार्टरने बोटाला गुंडाळली होती. बोट पांढरं पडलं तरी तिला कळलं नाही.

"मी परत तसंच केलं असतं," ती शेवटी म्हणाली. "सांगितलंच असतं. फक्त सिस्टरना सांगितलं असतं, आणि आधी तुला सांगून गेले असते."

पलीकडे कुठेतरी भांडी वाजत होती.

"तेव्हाही मी तुझ्याशी भांडलेच असते," मासोळी म्हणाली.

"ठाऊक आहे."

"गोळ्यांनी झोप येते सारखी. दोन महिने झाले, एकदाही झालं नाही. इथली शाळा बेकार आहे. भौतिकशास्त्राला सर असे आहेत की पुस्तक वाचून दाखवतात नुसते." ती थांबली. "प्रकाशाच्या धड्याच्या नोट्स आहेत तुझ्याकडे?"

"आहेत! आजच पाठवते."

"टाईप करून पाठव. तुझं अक्षर नको मला. अजून नाही."

मावशीचा आवाज आला आणि फोन ठेवला गेला.

क्वार्टर वर गेली, वही काढली आणि संगणकाच्या खोलीत जाऊन बसली. एकवीस पानं होती. टंकलेखन तिला नीट येत नव्हतं. एकेक अक्षर शोधून, एका बोटाने ती लिहू लागली. आकृत्यांपाशी अडली, तेव्हा पलीकडच्या खुर्चीवरच्या, तिच्याच खोलीतल्या मुलीने काही न बोलता हात पुढे करून किरणाची रेषा कशी ओढायची ते दाखवलं. बाहेर तलावावरून शिट्ट्या ऐकू येत होत्या. पाच वाजेपर्यंत सहा पानं झाली.